चर्चच्या शाळेतला परिपाठ : प्रार्थना, मूल्यं आणि मुलाचं मन



जून महिना आला की आमच्या शाळेच्या ऑफिसबाहेर प्रवेशासाठी पालकांची रांग लागते. फी किती, गणवेश कुठं मिळतो, रिक्षावाले काका कोण, हे सगळं विचारून झालं की एखादी आई जरा आवाज खाली घेते आणि म्हणते, "मॅडम, शाळा चांगली आहे म्हणतात. पण तिथं येशूची प्रार्थना म्हणायला लावतात ना?"

मी सोलापुरात चर्चने चालवलेल्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. मी स्वतः ख्रिस्ती आहे. माझ्या वर्गात मात्र ख्रिस्ती मुलं थोडीच असतात. बाकीच्यांपैकी कुणाच्या घरी मराठी बोलतात, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी तेलुगू, तर कुणाच्या घरी दखनी. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर जातात, अशी घरं बरीच. म्हणून त्या आईचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. आपलं लेकरू रोज सकाळी काय म्हणतं, कुणापुढं हात जोडतं, हे विचारायचा हक्क आईबापांना आहेच.

या प्रश्नाचं उत्तर मी एकदा फार वाईट पद्धतीने दिलं होतं. ते सांगते आणि मग मूल्यशिक्षणाचा एक पाठही देते. तो तुम्ही कोणत्याही शाळेत घेऊ शकता.

माझी चूक

डी.एड. करून नोकरीला लागले, त्याचं पहिलंच वर्ष. तिसरीचा वर्ग होता. प्रार्थनेच्या वेळी सगळी मुलं हात जोडून, डोळे मिटून उभी होती. एक मुलगा मात्र हात खाली सोडून, डोळे उघडे ठेवून समोर बघत होता. शेवटी सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं, हा गप्पच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, हा मुद्दाम करतोय. मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं, रागावले आणि हात जोडायला लावले. त्याने जोडले. डोळ्यांत पाणी होतं, पण जोडले. आपण शिस्त लावली असं वाटून मी वर्गावर गेले.

दुसऱ्या दिवशी त्याची आजी आली. चिडली नव्हती. तिने शांतपणे सांगितलं, "बाई, त्याचा आजा जाऊन आठ दिस झालेत. घरात सुतक आहे. देवाला हात लावायचा नाही, पूजा करायची नाही, असं मीच त्याला सांगितलंय. तेरावं झालं की म्हणंल तो सगळ्यांबरोबर." जाताना एवढंच म्हणाली, "तुमचा देव चांगलाच असंल. पण भ्या घालून जोडलेले हात त्याला पोचतात का, ते तुम्हीच सांगा."

मला उत्तर देता आलं नाही. मुलगा उर्मट नव्हता. घरच्या मोठ्यांनी सांगितलेला नियम तो आठ वर्षांच्या वयात एकट्याने, सगळ्या शाळेसमोर पाळत होता. आपण मूल्यशिक्षणाच्या तासाला ज्याला 'निष्ठा' म्हणतो, ती त्याच्यापाशी होती. मी त्याला एका शब्दानेही कारण विचारलं नव्हतं. आणि मी त्याच्याकडून जे करून घेतलं ती प्रार्थना नव्हतीच, तो फक्त हातांचा व्यायाम होता.

त्या दिवसापासून मी दोन प्रश्न वेगळे धरू लागले. पहिला, आमच्या शाळेत उपासना कशासाठी असते? दुसरा, उपासनेत सहभागी न होणाऱ्या मुलाला आमच्याकडून काय मिळायला हवं?

सकाळी नेमकं काय होतं?

अनेक पालकांना आत काय चालतं हे माहीत नसतं, म्हणून शंका वाढतात. तर ऐका.

इतर शाळांसारखाच आमचाही परिपाठ असतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. त्यात भर म्हणून छोटी उपासना असते. तिचे साधारण चार भाग.

१) गीत : मराठी भक्तिगीत. यातली बरीच गीतं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (1861–1919) आहेत. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, पण त्यांनी गाण्याची चाल परदेशातून आणली नाही. अभंग, ओवी, भजन, कीर्तन हे आपल्या मातीतले प्रकारच त्यांनी उपासनेत आणले. त्याच्याही खूप आधी, 1616 मध्ये, गोव्यातील फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांमध्ये छापलं गेलं. म्हणजे ख्रिस्ती उपासना आणि मराठी ओवी यांची ओळख चारशे वर्षं जुनी आहे.

२) शास्त्रपाठ : बायबलमधला छोटा भाग वाचतात. बहुतेक वेळा येशूने सांगितलेला एखादा दृष्टान्त असतो. पेरणारा शेतकरी, हरवलेलं मेंढरू, घर सोडून गेलेला मुलगा, अशा गोष्टी.

३) चार शब्द : त्या गोष्टीवर शिक्षक किंवा पाळक दोन-तीन मिनिटं बोलतात.

४) प्रार्थना : आधी देवाचे आभार, मग चुकांची कबुली, मग दुसऱ्यांसाठी मागणं. शेवटी सगळे 'आमेन' म्हणतात. हा हिब्रू भाषेतला शब्द आहे, अर्थ 'तसं होवो'.

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांत आहे. तिला 'प्रभूची प्रार्थना' म्हणतात. ती शिकवताना मी मुलांचं एका गोष्टीकडे लक्ष वेधते. तिच्यात 'मी' आणि 'माझं' येत नाही, सगळं मागणं 'आम्ही' म्हणून आहे. आणि भाकरी मागितली आहे तीही फक्त आजच्या दिवसापुरती. सोलापूरच्या लेकरांना भाकरीचं मोल वेगळं समजवावं लागत नाही. "सगळ्यांसाठी मागितलेली भाकरी एकट्याने खाल्ली तर ती प्रार्थना खरी का?" असं विचारलं की मुलं आपोआप डब्यांकडे बघतात.

या शाळा आल्या कुठून?

अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत आले. त्यांच्या कामाला पुढे 'अमेरिकन मराठी मिशन' हे नाव मिळालं. 1824 मध्ये त्यांनी मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. 1831 मध्ये अहमदनगरला केंद्र उघडलं. सिंथिया फॅरार या अविवाहित शिक्षिका 1827 मध्ये मुंबईत आल्या आणि नंतर नगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या. महात्मा फुले स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरला फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहून त्यांना प्रेरणा मिळाली आणि 1848 मध्ये पुण्यात भिडेवाड्यातली शाळा उभी राहिली.

पुढे हेच अमेरिकन मराठी मिशन सोलापुरात आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेरी हार्डिंग यांच्या नावाशी जोडलेलं बालवाडीचं काम इथं होतं. फ्रोबेलच्या पद्धतीने खेळ, गाणी, हस्तकाम यांतून लहान मुलांना शिकवायचं आणि तसं शिकवणाऱ्या शिक्षिका तयार करायच्या, असं ते काम. गिरण्यांच्या या गावात त्या काळी लहान मुलांना खेळातून शिकवणं ही नवलाची गोष्ट होती. आज बालवाडीच्या ताई टाळ्या वाजवत बडबडगीत घेतात, तेव्हा मला त्या जुन्या शिक्षिका आठवतात.

या शाळांनी जातीची विचारपूस न करता मुलांना एका बाकावर बसवलं आणि मुलींना पाटी दिली, हे खरं. त्यांना आपला धर्मही पसरवायचा होता, हेही तितकंच खरं. दोन्ही खऱ्या गोष्टी एकत्र सांगितल्या तरच इतिहास नीट समजतो. एक सांगून दुसरी लपवली तर पालकांचा विश्वास बसत नाही आणि बसूही नये.

उघडं दार : 1893 ची गोष्ट

'उपासना आणि शाळा' या विषयावर महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांपूर्वीच एक मोठा वाद झाला आहे. प्रत्येक शिक्षकाने तो वाचायला हवा.

पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवा आणि निराधार मुलींसाठी 'शारदा सदन' काढलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या, पैसा अमेरिकेतून येत होता, पण सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. हिंदू मुलींना आपले आचार पाळायची मोकळीक होती. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती.

रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. बाहेर बोभाटा झाला. पालकांना वाटलं, आपल्याला दिलेला शब्द मोडला. 1893 मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि बऱ्याच मुलींना त्यांच्या घरच्यांनी काढून नेलं.

रमाबाईंची बाजू अशी होती : मी कुणाला बोलावलं नाही, पण माझ्या श्रद्धेसाठी मी दार का लावून घेऊ? सल्लागारांची बाजू अशी : या मुली तुमच्यावर अवलंबून आहेत. ज्या बाईने आपल्याला अन्न दिलं, आसरा दिला, तिच्या प्रार्थनेला जाऊन बसणं हे पूर्ण मोकळ्या मनाने झालं असं कसं म्हणायचं?

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पूर्णपणे रमाबाईंच्या बाजूने होते. माझ्या वर्गातला सुतकातला मुलगा पाहिल्यावर दुसरी बाजूही कळली. शिक्षकाच्या हातात सत्ता असते. मी छडी उचलली नाही तरी माझ्या नजरेला मूल घाबरतं, माझ्या 'शाबास'साठी काहीही करतं. म्हणून 'मी जबरदस्ती केली नाही' एवढं म्हणून शिक्षकाची सुटका होत नाही. मुलाला 'नको' म्हणता येईल अशी जागा आपण ठेवली का, हे पाहावं लागतं. दार उघडं ठेवायचं असेल तर ते आत यायला जेवढं उघडं, तेवढंच बाहेर जायलाही असलं पाहिजे.

संविधान काय सांगतं?

पालकसभेत मी हे सोप्या भाषेत सांगते.

• कलम 30 : धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. म्हणून चर्चची शाळा असू शकते.

• कलम 28 : पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित खासगी शाळेत ते असू शकतं, पण त्यात किंवा तिथल्या उपासनेत भाग घ्यायची सक्ती कुणावरही करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते.

• कलम 29 : सरकारी किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही.

एक निकालही सांगण्यासारखा आहे. केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण त्यांच्या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकलं. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला सांगितलं. मुलं शांतपणे, आदराने उभी होती, कुणाला त्रास देत नव्हती, म्हणून त्यांच्या श्रद्धेचा मान राखला गेला. आता गंमत बघा. तिथं ख्रिस्ती मुलांच्या न गाण्याला संरक्षण मिळालं. मग माझ्या परिपाठात हात न जोडणाऱ्या मुलाला मी कोणत्या तोंडाने रागावणार?

तीन गोष्टी वेगळ्या ठेवूया

इतक्या वर्षांच्या अनुभवातून मी स्वतःसाठी एक साधी मांडणी केली आहे.

उपासना : प्रार्थना करणं, देवाची स्तुती करणं. ही ऐच्छिकच हवी. ज्याला म्हणायची त्याने म्हणावी. ज्याला नाही त्याने शांत बसावं किंवा उभं राहावं.

माहिती : नाताळ का साजरा करतात, गुड फ्रायडेला काय झालं, ईस्टर म्हणजे काय, रोजा का ठेवतात, बुद्ध पौर्णिमा कशाची. ही माहिती सगळ्यांना हवी. धर्म शिकवणं वेगळं आणि धर्मांविषयी शिकवणं वेगळं, हा फरक 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केला आहे.

मूल्य : खरं बोलणं, दुसऱ्याचं दुःख ओळखणं, कष्टाला मान देणं. यातून कुणालाही सूट नाही, शिक्षकांना तर नाहीच. आपल्या मूल्यशिक्षणातली दहा मूल्यं आठवा. त्यात संवेदनशीलता आहे, सौजन्यशीलता आहे, श्रमप्रतिष्ठा आहे, सर्वधर्मसहिष्णुता आहे आणि वैज्ञानिक दृष्टिकोनही आहे.

घोटाळा होतो तो या तीन गोष्टींची सरमिसळ केल्यामुळे. 'प्रार्थना म्हणतो तो चांगला मुलगा' असं आपण नकळत ठरवून टाकतो. येशूने सांगितलेली एक गोष्ट नेमकी याच समजुतीला धक्का देते. तोच पाठ आता पाहू.

पाठ : माझा शेजारी कोण?

इयत्ता : तिसरी-चौथी. वेळ : 35 मिनिटं.
मूल्य : संवेदनशीलता, सर्वधर्मसहिष्णुता.
साहित्य : फळा, खडू, जुनी ओढणी किंवा पट्टी (बँडेजसाठी), गोष्टीतल्या पात्रांच्या चिठ्ठ्या.

*पायरी 1 : प्रश्न (5 मिनिटं).* फळ्यावर लिहा, 'माझा शेजारी कोण?' मुलं भिंतीला भिंत असलेल्या घरांची नावं सांगतील. सगळी लिहून घ्या. कुठलंही खोडू नका.

*पायरी 2 : गोष्ट (10 मिनिटं).* लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली ही गोष्ट. एक माणूस यरुशलेमहून यरीहोला चालला होता. यरुशलेम डोंगरावर, यरीहो खूप खाली. मधला रस्ता उजाड, उताराचा. त्याला लुटारूंनी गाठलं, मारलं आणि अर्धमेलं करून टाकलं. मंदिरातला एक याजक त्या वाटेने आला. त्याने बघितलं आणि तो बाजूने निघून गेला. मग एक लेवी आला, म्हणजे मंदिराची सेवा करणारा. तोही निघून गेला. मग आला एक शोमरोनी.

इथं थांबा. शोमरोनी कोण हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुढे नेऊ नका. यहुदी आणि शोमरोनी यांचं पिढ्यान्‌पिढ्या वैर होतं. एकमेकांची उपासनेची जागा त्यांना मान्य नव्हती. म्हणजे जखमी माणसाच्या दृष्टीने हा 'आपल्यातला' नव्हता. मुलांना विचारा, "आता हा काय करेल?"

शोमरोनी थांबला. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्याने पट्ट्या बांधल्या. त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर सेवा केली. सकाळी मालकाला दोन दीनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असंही सांगितलं. एक दीनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. माझ्या वर्गात हे सांगितलं की मुलं लगेच हिशोब करतात. एक मुलगी म्हणाली होती, "म्हणजे आईच्या दोन दिवसांच्या विड्या!" दोन दिवसांची मजुरी अनोळखी माणसासाठी देणं म्हणजे काय, ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळलं.

*पायरी 3 : नाट्यीकरण (8 मिनिटं).* चिठ्ठ्या टाकून पात्रं वाटा. याजकाला पळून जाणारा दुष्ट करू नका. त्याला विचारा, "तू का थांबला नाहीस?" मुलं भारी कारणं देतात. "उशीर होत होता", "लुटारू अजून तिथंच असतील", "रक्ताची भीती वाटली", "मला हात लावायचा नव्हता." हीच कारणं आपणही देतो, हे त्यांना आपोआप कळू द्या.

*पायरी 4 : प्रश्न उलटा करा (5 मिनिटं).* येशूला विचारलं होतं, माझा शेजारी कोण? गोष्ट संपल्यावर त्याने उलट विचारलं, या तिघांपैकी शेजारी कोण झाला? म्हणजे शेजारी शोधायचा नसतो, आपण व्हायचं असतं. आता फळ्यावरच्या यादीकडे परत या आणि विचारा, "यात कुणाचं नाव घालायचं राहिलं?"

*पायरी 5 : आपलं सोलापूर (7 मिनिटं).* डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म 1910 मध्ये आपल्याच सोलापुरात झाला. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक युद्धात जखमी झालेल्यांची सेवा करायला चीनला गेलं, त्यात ते होते. देश वेगळा, भाषा वेगळी, धर्म वेगळा. ते तिथंच राहिले आणि 1942 मध्ये अवघ्या 32 व्या वर्षी तिथंच वारले. ते ख्रिस्ती नव्हते. पण गोष्टीतला शोमरोनी मुलांना डोळ्यांसमोर आणायचा असेल तर मला त्यांच्याइतकं जवळचं उदाहरण सापडत नाही.

जानेवारीत पाठ घेत असाल तर चार पुतळा चौकाची आठवण काढा. गड्ड्याच्या जत्रेच्या तोंडावरच 12 जानेवारी येतो. 1931 मध्ये त्याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. चारही नावं मुलांना मोठ्याने वाचू द्या. चौघांच्या घरची प्रार्थना एक नव्हती, हे ती स्वतःच सांगतील.

एक सूचना : पाठाच्या शेवटी 'तात्पर्य' सांगू नका. 'म्हणून मुलांनो, नेहमी मदत करावी' असं म्हटलं की मुलं वही मिटतात. त्याऐवजी आठवडाभराचं काम द्या. रोज ज्याच्याशी बोलत नाही अशा एका मुलाशी बोलायचं आणि शनिवारी त्याच्याविषयी एक नवीन गोष्ट सांगायची.

या गोष्टीत न थांबलेले दोघेही उपासना करणारे आहेत. थांबला तो, ज्याची उपासना 'चुकीची' मानली जात होती. ही गोष्ट उपासनेला नावं ठेवत नाही. पण मंदिरात केलेली सेवा रस्त्यावर दिसली नाही तर तिचा उपयोग काय, हे ती विचारते. चर्चच्या शाळेत शिकवताना मला ही गोष्ट आरशासारखी समोर ठेवावी लागते. सुतकातल्या त्या मुलाच्या दुःखाजवळून मी तीन दिवस रोज गेले होते, तेही प्रार्थना करून.

शिक्षकांसाठी

• वर्षाच्या सुरुवातीला पालकांना परिपाठ पाहायला बोलवा. पाहिलं की अर्ध्या शंका मिटतात.
• संमती विचारा, तीही स्पष्ट शब्दांत. 'सगळेच म्हणतात' ही संमती नव्हे.
• मूल सहभागी झालं नाही तर एकट्याला बोलावून कारण विचारा. कारण सांगायचं नसेल तर तेही चालेल.
• उपासनेत भाग घेण्यावरून गुण, बक्षीस, मॉनिटरपद काहीही ठरवू नका.
• ख्रिस्ती मुलांनाही गृहीत धरू नका. त्यांच्याही मनात प्रश्न असतात.
• दुसऱ्याच्या देवाविषयी वाकडा शब्द नको, विनोदातही नको.

पालकांसाठी

• शंका असेल तर शाळेत येऊन विचारा. मुलाला मध्ये उभं करू नका. 'मॅडम काहीही सांगू देत, तू म्हणू नकोस' असं सांगितलं तर त्याचा जीव दोन्हीकडून ओढला जातो.
• घरात सुतक, उपवास, रोजा, व्रत असं काही असेल तर वहीत एक ओळ लिहून पाठवा.
• आज शाळेत कोणती गोष्ट ऐकली ते विचारा आणि तुमच्या घरची तशीच एखादी गोष्ट सांगा. संत एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला गंगेचं पाणी पाजल्याची कथा शोमरोन्याच्या गोष्टीशेजारी ठेवून बघा. मूल दोन्ही लक्षात ठेवेल.

शेवटी

त्या मुलाच्या आजोबांचं तेरावं झालं. मी त्याला बाजूला घेऊन माफी मागितली. शिक्षकाने विद्यार्थ्याची माफी मागणं मला जड गेलं, खोटं कशाला बोलू? तो काहीच बोलला नाही, मान हलवून पळाला.

साधारण महिनाभराने परिपाठाच्या आधी तो माझ्याजवळ आला. आमच्याकडे प्रार्थनेत आजारी माणसांची, दुःखी घरांची आठवण करतात, हे त्याने ऐकलं होतं. म्हणाला, "मॅडम, आमच्या आजीसाठी म्हणता का आज? ती रात्री जेवत नाही." मी म्हटलं. त्या दिवशी त्याने हात जोडले होते की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी पाहिलंच नाही.

तुमची शाळा जिल्हा परिषदेची असो, उर्दू असो, चर्चची असो की एखाद्या मठाची, उद्याच्या परिपाठात एवढंच करून बघा. जे मूल म्हणत नाहीये, त्याच्याकडे रागाने न बघता नंतर शांतपणे जवळ जा आणि विचारा, "घरी सगळं बरं आहे ना?"